मदत हवी आहे: कोरड्या हिवाळ्यानंतर हिरवळीत पडलेले सुके पट्टे

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतील डेन्व्हरमध्ये आमच्या घरापुढे केंटकी ब्लूग्रास या गवताची हिरवळ आहे. येथे पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाला जेमतेम ३५ ते ४० सेंटिमीटर पाणी पडते. नळ्या गोठून फुटू नयेत म्हणून आम्ही ऑक्टोबरात स्प्रिंकलरमधील पाणी हवेच्या दाबाने काढून टाकले आणि त्यानंतर हिरवळीकडे पाहिलेच नाही. बर्फ नसलेल्या आणि तापमान ४ अंश सेल्सिअसच्या वर असलेल्या दिवशी, दुपारच्या सुमारास, महिन्यातून एक-दोनदा होजने पाणी द्यायचे असते, हे फार उशिरा कळले.

आता एप्रिलमध्ये दक्षिणेकडील उतारावर, पदपथालगत, गवत पेंढ्यासारखे पिवळे पडले असून चिमटीत धरून ओढताच मुळासकट हातात येते. उत्तरेच्या सावलीत, जिथे बर्फ टिकून होता, तिथे ते छान हिरवे होत आहे.

हे नुसते पाण्याअभावी झाले की अशा भरपूर ऊन येणाऱ्या उतारांवर हिवाळ्यात लागणाऱ्या माइट्समुळे (गवताचा रस शोषणाऱ्या अतिसूक्ष्म किडींमुळे), हे कसे ओळखावे? शिवाय, आता लगेच ब्लूग्रासचेच बी टाकावे, की जमीन तापेपर्यंत थांबून जूनमध्ये बफेलो ग्रास पेरावे? ते कमी पाण्यावर तगते, परंतु ऑक्टोबर ते मे तपकिरीच राहते, आणि घरात त्यावरून आधीच दोन तट पडले आहेत. ज्यांनी असा बदल केला आहे, त्यांनी कृपया अनुभव कळवावा.