मदत हवी आहे: पावसात घाट करून आलं की बॅटरी बसते. बॅटरी, कॉइल की रेक्टिफायर?

घाटमाथा

मंडळी, गाडी ३५० सीसी, एअर-कूल्ड, फ्युएल इंजेक्शन, ड्युअल चॅनल एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा). किक नाही. बॅटरी १२ व्होल्ट ८ एएच, मेंटेनन्स-फ्री, दिवाळीनंतर नवीन टाकलेली. हेडलाइट साधा ५५/६० वॅटचा हॅलोजन. बाहेरून लावलेलं सामान म्हणजे २० वॅटचे दोन फॉगलाइट आणि हँडलवर मोबाइल चार्जर.

कोरड्या हवेत कोल्हापूरहून निपाणीपर्यंत हायवेनं जाऊन या, काही तक्रार नाही. पावसात गगनबावडा, करूळ घाट केला, फॉगलाइट चालू राहिले, की दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर नुसता टक-टक-टक. हँडलजवळचा स्पीडचा मीटर बंद होऊन परत चालू होतो. एबीएसचा दिवा पेटलेला राहतो, गाडी थोडी पळाली की विझतो. आयडलला (रेस न देता इंजिन चालू) इंडिकेटर दिला की हेडलाइट त्याच तालावर मंद होतो.

बॅटरीच्या टर्मिनलवर घेतलेली रीडिंग, व्होल्टमध्ये:
रात्रभर उभी: १२.१
स्टार्टर दाबताना: ९.१
आयडल: १२.५
४००० आरपीएम, फॉग बंद: १२.९
४००० आरपीएम, फॉग चालू: १२.३

एका गॅरेजमध्ये बॅटरी बदला म्हणाले, दुसरीकडे मॅग्नेट कॉइल (इंजिनात वीज बनवणारी) भरून घ्या म्हणाले. दोन्हीकडे मल्टिमीटर कुणी लावला नाही. गणपतीत कोकणात उतरायचं आहे. सुरुवात कुठून करू?

ओहमचा_नियम

रीडिंग दिलीत हे बरं केलंत, निम्मं काम तिथंच झालं. ४००० आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवं. तुमच्याकडे १२.९ आहे, म्हणजे चार्जिंग अपुरं आहे. आज नवीन बॅटरी टाकली तर तीही महिनाभरात अशीच बसेल. १२.१ म्हणजे बॅटरी जेमतेम निम्मी भरलेली. निम्म्या बॅटरीवर घेतलेलं ९.१ हे रीडिंग बॅटरीविरुद्ध पुरावा होत नाही.

आधी बॅटरी काढून बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा. ८ एएचला ०.८ अँपिअर, साधारण सहा-सात तास, चार्जरचा व्होल्टेज १४.७ च्या वर जाऊ देऊ नका. कारचा मोठा चार्जर लावू नका. काढताना आधी निगेटिव्ह, बसवताना निगेटिव्ह शेवटी. भरल्यावर चार-पाच तास तशीच ठेवून मोजा, १२.६ ते १२.८ हवं. मग स्टार्टर दाबून पाहा. १० च्या खाली गेली नाही तर बॅटरी चांगली.

त्यानंतर या क्रमानं:

१) मॅग्नेट कॉइलकडून रेक्टिफायरकडे (कॉइलच्या एसीची डीसी करून बॅटरीला देणारा भाग) जाणारा तीन तारांचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, शोधा. बहुतेक गाड्यांत तिन्ही तारा पिवळ्या असतात. कपलर सोडवायच्या आधी नीट बघा: प्लास्टिक तपकिरी झालंय का, एखादी पिन काळी पडलीय का, तारेचं कव्हर कडक झालंय का.

२) कपलर सोडवून कॉइलच्या बाजूला ओहम मोजा. तीन तारा म्हणजे तीन जोड्या. तिन्हीत सारखा आणि एक ओहमच्या आत रेझिस्टन्स यायला हवा. साध्या मल्टिमीटरचे प्रोब एकमेकांना टेकवले तरी ०.२-०.३ दाखवतात, तेवढे वजा करा. मग प्रत्येक तार ते इंजिनची बॉडी: मीटरनं ओपन, म्हणजे जोडणीच नाही असं, दाखवलं पाहिजे. इथं थोडाही रेझिस्टन्स दिसला तर कॉइल अर्थ झालीय, म्हणजे आतून बॉडीला टेकलीय, पुढं काही तपासायची गरज नाही.

३) कपलर सुटलेला असतानाच इंजिन चालू करा, मीटर एसी २०० रेंजवर. ४००० ला तीन जोड्यांत किती व्होल्ट येतात ते पाहा. आकडा गाडीगणिक वेगळा, साधारण ४० ते ६० च्या दरम्यान, पण तिन्ही जोड्यांत सारखा. हा व्होल्टेज झटका देतो, ओल्या हातानं किंवा प्रोबची उघडी टोकं धरून हे करू नका.

४) कपलर परत जोडा, इंजिन ४००० ला. मीटर डीसीवर. एक प्रोब रेक्टिफायरच्या पॉझिटिव्ह आउटपुटवर, दुसरा बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. ०.२ पेक्षा जास्त दिसलं तर मधल्या वाटेत कुठंतरी जोड खराब. मग निगेटिव्ह तार ते बॅटरी निगेटिव्ह, तसंच.

इंजिन चालू असताना बॅटरीची तार काढून "चार्जिंग होतंय का" बघायची जुनी पद्धत आहे, ती इंजेक्शनच्या गाडीवर अजिबात करू नका. बॅटरी बाजूला झाली की व्होल्टेज उसळतो आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) जातो.

तांबडा_पांढरा

भावा एवढा कुटाणा कशाला, १२-१४ एएचची बॅटरी टाक. फॉगलाइट लावून घाट केला तरी सकाळी सेल्फ मारतोय.

ओहमचा_नियम

@तांबडा_पांढरा मोठी बॅटरी मोठा साठा देते, वीज बनवत नाही. बनतेच कमी, तर साठा एक दिवस उशिरा संपेल एवढाच फरक. शिवाय ८ एएचच्या खोक्यात १४ एएच बसत नाही. पट्ट्यानं आवळलेली बॅटरी घाटातल्या खड्ड्यांत सरकते आणि टर्मिनल सीटच्या पत्र्याला टेकतं.

रंकाळा_राइडर

माझ्याकडे जुळती गाडी आहे म्हणून एक शंका. एबीएसच्या दिव्याचा बॅटरीशी काय संबंध? सेन्सर साफ करावा का?

ओहमचा_नियम

संबंध आहे, ताई. एबीएस मॉड्यूल स्वतःचा पुरवठा तपासतं. व्होल्टेज ठरावीक पातळीखाली गेला की ते बाजूला होतं आणि दिवा लावतं. व्होल्टेज सावरला आणि चाकाचा सिग्नल नीट आला की दिवा विझतो. सेल्फ मारताना मीटर बंद-चालू होतो त्यामागेही हेच कारण. फक्त एबीएसचा दिवा लागतोय आणि व्होल्टेज ठणठणीत आहे असं असेल तरच चाकाजवळचा सेन्सर आणि दातेरी रिंग चिखल पुसून बघा. दिवा लागलेला असताना ब्रेक साध्या ब्रेकसारखे चालतात, घाटात ते लक्षात ठेवून चालवा.

घाटमाथा

सगळं मोजलं.

बॅटरी भरून, आराम देऊन: १२.७. सेल्फ मारताना: १०.५.
कॉइल, प्रोबचे वजा करून: ०.५, ०.५, ०.५ ओहम. बॉडीला तिन्ही ओपन.
एसी, ४००० ला: ५१, ५२, ५१.
पॉझिटिव्ह बाजूचा ड्रॉप: ०.१.
निगेटिव्ह बाजूचा ड्रॉप: ०.७.

आणि कपलरमधली एक पिन काळी पडलीय, तिथलं प्लास्टिक वितळून एका बाजूला बसलंय. बाकीच्या दोन पिना चकचकीत.

ओहमचा_नियम

मग बॅटरी चांगली, कॉइलही चांगली. दोन दोष एकत्र आहेत, म्हणून दोन्ही गॅरेजना नेमकं सापडलं नाही.

पहिला, काळी पिन. त्या फेजची (तीन तारांपैकी त्या एका तारेची) वीज रेक्टिफायरपर्यंत धड पोचत नाही. पिन आणि सॉकेट यांची पकड सैल झाली की तिथला रेझिस्टन्स वाढतो. ०.४ ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण ८ अँपिअर वाहत असतील तर तिथं २५ वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. २५ वॅट म्हणजे आख्खं सोल्डरिंग आयर्न कपलरच्या पोटात. उष्णतेनं पकड आणखी सैल, त्यानं रेझिस्टन्स आणखी जास्त. पावसात वर पाणी आणि चिखल, पिनेवर हिरवट थर. कोरड्या हवेत फॉग बंद असताना दोन-सव्वादोन फेजवर गाडीचं भागून जातं, म्हणून निपाणीपर्यंत तक्रार नाही.

दुसरा, निगेटिव्ह बाजूचा ०.७. रेक्टिफायर स्वतःच्या आउटपुटवर बघून व्होल्टेज ठरवतो, बॅटरीवर नाही. मधे ०.७ पडत असेल तर त्याला १४ दिसतील तेव्हा बॅटरीला १३.३ मिळतील. सीटखाली चेसीला जोडलेला अर्थचा बोल्ट बघा. तिथं रंग, गंज नाहीतर ढिला नट, तिन्हीपैकी एक सापडेलच.

कपलरसाठी रेक्टिफायर सोडवालच तर त्याच्या आतल्या डायोडची (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) टेस्ट उरकून घ्या. मीटर डायोडवर. लाल प्रोब एका पिवळ्या पिनवर, काळा पॉझिटिव्ह आउटपुटवर: ०.४ ते ०.६. उलट केलं की ओपन. मग लाल निगेटिव्ह आउटपुटवर, काळा पिवळ्या पिनवर: पुन्हा ०.४ ते ०.६, उलट ओपन. तिन्ही पिवळ्यांना. यात नापास झाला तर नक्की गेला. पास झाला तरी गरम झाल्यावर फसणारे असतात, म्हणून दुरुस्तीनंतर अर्धा तास चालवून व्होल्टेज पुन्हा मोजा.

क्रिंप_कारखाना

दुरुस्तीचं मी सांगतो, कारण इथंच लोक कात्री आणि इन्सुलेशन टेप घेऊन बसतात.

जुना कपलर पॉलिश पेपरनं घासून परत लावायचा नाही. उष्णता खाल्लेल्या पिनेचा स्प्रिंगपणा गेलेला असतो, चार दिवसांत पुन्हा तेच. शाहूपुरीत किंवा उद्यमनगरात ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात तीन पिनांचा, ६.३ एमएम टर्मिनलचा, रबर सील असलेला वॉटरप्रूफ कपलर मागा. जोडीनं घ्या, मेल आणि फिमेल.

तार मागं कापत जा, आतलं तांबं लालसर चकचकीत दिसेपर्यंत. जळक्या जोडाजवळ तांबं काळं पडलेलं असतं आणि काळ्या तांब्यावर ना क्रिंप (टर्मिनल तारेवर चेपून केलेला जोड) धरतो ना सोल्डर. साधारण तीन ते पाच सेंटिमीटर जातात. तार तोकडी पडली तर त्याच जाडीचा, उष्णता सोसणारा तुकडा जोडा. तिन्ही पिना बदला, फक्त काळी नाही.

टर्मिनलला पंखांच्या दोन जोड्या असतात. पुढची तांब्यावर, मागची इन्सुलेशनवर. क्रिंपिंग प्लायर वापरा, नोज प्लायरनं चेपलेला क्रिंप वरून छान दिसतो आणि आतून पोकळ असतो. झाल्यावर प्रत्येक तार जोरात ओढून बघा. नुसता सोल्डर इथं नको: तो तारेत वर चढतो, तेवढी तार कडक होते आणि इंजिनच्या थरथरीनं बरोबर त्याच्या काठावर तुटते. क्रिंप करण्याआधी सीलचं रबर तारेत ओवायचं विसरू नका, सगळे विसरतात.

डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा, पण बेतानं. ते वीज वाहत नाही, पाणी अडवतं. सीलच्या रबरावर आणि कपलरच्या तोंडाशी पातळ थर पुरे.

अर्थसाठी: बोल्ट काढा, लगखालचा (तारेच्या टोकाच्या कडीखालचा) रंग आणि गंज घासून उघडा पत्रा काढा, लगही घासा, दातेरी वॉशर घालून आवळा. वरून व्हॅसलिन. मी असतो तर रेक्टिफायरच्या निगेटिव्हपासून थेट बॅटरी निगेटिव्हला २.५ चौरस एमएमची वेगळी तार टाकली असती. चेसीवरचा भरवसा कमी होतो, खर्च नगण्य.

कपलर बांधताना तोंड खाली आणि तारेला खाली झोल द्या, पाणी झोलातून गळून जाईल. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला सीटखाली आणि हेडलाइटच्या मागं जेट मारू देऊ नका. चिखल निघतो, पण पाणी सीलच्या आत ढकललं जातं.

रंकाळा_राइडर

फॉगलाइट कसे जोडलेत? अजून कुणी विचारलंच नाही.

घाटमाथा

हॉर्नच्या वायरवरून, स्विच मधे. दुकानदारानं तसंच लावून दिलं होतं.

क्रिंप_कारखाना

काढा ते आधी. दोन्ही मिळून ४० वॅट म्हणजे तीन-सव्वातीन अँपिअर, कायमचे. हॉर्नचा फ्यूज क्षणभराच्या लोडसाठी आहे आणि बऱ्याच गाड्यांत त्याच फ्यूजवर ब्रेक लाइट आणि इंडिकेटरही असतात. फॉगची वायर चिरडली तर ब्रेक लाइटही जाईल, तोही घाटातल्या धुक्यात.

रिले (दुसऱ्या तारेच्या थोड्या करंटवर चालणारा स्विच) लावा. ३० नंबरला बॅटरी पॉझिटिव्हवरून तार, बॅटरीपासून वीतभराच्या आत ५ अँपिअरचा फ्यूज. ८७ वरून फॉगलाइट. ८५ अर्थ. ८६ ला पार्किंग लाइटच्या वायरवरून स्विचमार्गे. चावी बंद केली की फॉग आपोआप बंद. तार १ चौरस एमएम पुरते.

घाटमाथा

झालं सगळं. डायोड टेस्ट पास. कपलर नवीन, अर्थ घासला, वेगळी तार टाकली, रिले लावला. अर्धा तास चालवून मग:

आयडल, फॉग बंद: १३.३
४०००, फॉग बंद: १४.२
४०००, फॉग चालू: १३.९
निगेटिव्ह ड्रॉप: ०.०५
आयडल, फॉग चालू: १२.६

शेवटचा आकडा खटकतोय. अजून काही राहिलंय का?

ओहमचा_नियम

काही राहिलेलं नाही, तो हिशोबच तसा आहे. हेडलाइट ५५, टेल ५, फ्युएल पंप सुमारे ४०, इग्निशन-इंजेक्टर-ईसीयू ३० च्या आसपास, मीटर आणि एबीएस १०, फॉग ४०, चार्जर १५. बेरीज १९५ वॅट. आयडलला कॉइल एवढं देत नाही, कमी पडतं ते बॅटरीतून जातं. त्यामुळं दरड बाजूला करेपर्यंत थांबावं लागलं किंवा गंगावेशीत ट्रॅफिकमध्ये अडकलात तर फॉग बंद. हेडलाइटला एलईडी बल्ब टाकून वॅट वाचवायचा मोह होईल. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये तो धुक्यात समोर पांढरी भिंत उभी करतो, मी टाकणार नाही.

घाटात पुन्हा दिवे मंदावले तर आधी फॉग आणि चार्जर बंद करा, ३००० च्या वर ठेवा आणि वस्तीत पोचेपर्यंत इंजिन बंद करू नका. गगनबावडा ते कोल्हापूर ५५ किलोमीटर आहे, तेवढ्यात बॅटरी बऱ्यापैकी सावरते. इंजेक्शनच्या गाडीला ढकलस्टार्टचा भरवसा नाही, पंपाला दाब करायला पुरेसे व्होल्ट नसतील तर उतारावर कितीही पळवा.

कोकणात उतरायच्या आधी ५, १० आणि १५ अँपिअरचे दोन-दोन फ्यूज सीटखाली ठेवा. आणि शंभरेक किलोमीटर झाल्यावर नवीन कपलरला हात लावून बघा: कोमट चालेल, चटका बसला तर क्रिंप पुन्हा करावा लागेल.