मदत हवी आहे: सारंगखेड्याहून कळव्याला घोडी टेम्पोतून नीट कशी आणावी?

नमस्कार मंडळी. कळव्यात खारेगावला आमचा छोटा तबेला आहे, वरातीच्या तीन घोड्या. येत्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या (नंदुरबार जिल्हा) घोडेबाजारात चौथी घ्यायची आहे, आणि ती आणायची कशी यावरून घरात रोज वाजतंय.

मागच्या खेपेचं सांगतो. तिकडच्याच एका टेम्पोवाल्याने घोडी आणली होती. "बसली तर उठायची नाही" म्हणत त्याने दोर इतका आखूड बांधला की मान खाली जाईना. खाली नुसता पत्रा. संध्याकाळी निघालो ते सकाळी माणकोलीच्या ट्रॅफिकमध्ये अडकेपर्यंत मागचा फाळका एकदाही उघडला नाही. कसारा घाट उतरताना ती घसरली असावी, दोन्ही गुडघे सोललेले होते. तिसऱ्या दिवशी ताप, नाकातून पिवळा घट्ट शेंबूड, हरभऱ्याला तोंड लावेना. डॉक्टरांनी छातीवर कान ठेवला आणि म्हणाले, फुफ्फुसं धरलीत. वाचली, पण लग्नसराईतल्या पुढच्या सगळ्या तारखा सोडाव्या लागल्या.

तात्यांचं (वडील) म्हणणं अजूनही तेच, रात्रीत एका दमात आणायची, थांबलं की जनावर बिथरतं. मी १९७८ चे जनावरं वाहून नेण्याचे नियम काढून वाचले. त्यात घोड्यांच्या गाडीला ताशी ३५ किलोमीटरची मर्यादा आहे. अंतर साडेतीनशेच्या वर, म्हणजे नुसते चाकावरचेच दहा-अकरा तास. मग मध्ये थांबायचं की नाही? दोर किती ठेवायचा? आणि टेम्पोवाला गुंगीचं इंजेक्शन देऊ म्हणतोय, ते द्यावं का?

प्रतिसाद १
इंजेक्शन अजिबात नको. चालत्या गाडीत घोडा चारही पायांनी सतत तोल सावरत असतो, गुंगीत तोच जातो.

माझे वडील रेसच्या घोड्यांचे मोतद्दार (निगा राखणारे) होते. पावसाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचे घोडे पुण्याला जायचे, त्या गाड्यांतून मीही लहानपणी गेलोय. वडिलांचं एकच पालुपद असायचं, "मान खाली जाऊ दे." नाकातोंडातून आत गेलेली धूळ, गवताचा भुसा घोडा मान खाली घालूनच बाहेर टाकतो. तासन् तास मान वर राहिली की ती घाण छातीत उतरते. तुमच्या घोडीचं तेच झालं. दोर इतका ठेवा की तोंड गुडघ्यापर्यंत जाईल, पण पाय दोरात अडकणार नाही. दर चार तासांनी इंजिन बंद करून वीस मिनिटं मान मोकळी सोडा.

पाणी तिथलंच कॅनमध्ये भरून आणा, परक्या पाण्याला घोडी नाक मुरडते. पाणी कमी पडलं की पोट धरतं, आणि घोड्याला ओकता येत नाही हे विसरू नका. आदल्या रात्रीपासून हरभरा बंद, वाटेत फक्त थोडं ओलं केलेलं गवत. खाली रबरी मॅट आणि वर भाताचा पेंढा. दोन्ही बाजूंना आठ सेंटीमीटर जाडीचे बांबू, मागे दोन आडवे दांडे. तुम्ही वाचलेल्या नियमांतच आहे हे. तोंड डावीकडे ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत.

चढवताना टेम्पो बांधाला मागून लावा, फळी सपाट होते. चाबूक नको, चार दाणे दाखवा.

प्रतिसाद २
पशुवैद्यकाचा प्रवासाला योग्य असल्याचा दाखला घेतल्याशिवाय निघू नका. ग्लँडर्सची (घोड्यांचा संसर्गजन्य रोग) रक्ततपासणी झालेलीच घोडी घ्या, तो रोग माणसालाही होतो. घरी आल्यावर चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताप बघा. १०१.५ फॅरेनहाइटच्या वर गेला तर डॉक्टरला लगेच फोन, "उद्या बघू" नाही.

मूळ धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. प्रतिसाद तात्यांना मोठ्याने वाचून दाखवले. मोतद्दारांचं नाव निघाल्यावर गप्प बसले, आमच्याकडे हे फार झालं. आता दोन दिवसांचा बेत आहे. पिंपळगाव बसवंतला मावसभावाचा द्राक्षमळा आहे, तिथे रात्रीचा मुक्काम. पण त्याच्या गोठ्यात म्हैस आहे. घोडी तिच्याशेजारी रात्र काढेल का?

प्रतिसाद १
काढेल. मळ्यातलं गवत मात्र घालू नका, द्राक्षांवर फवारे मारलेले असतात. आणि घोडीचं सोडा, म्हशीला चालतंय का ते आधी बघा.