मदत हवी आहे: बांधकामाचं सामान आणायला कुठली गाडी?

विटांची_रांग: सिमेंट, वाळू, सळई, विटा साइटवर न्यायच्यात. पिकअप बरी की टिपर? उद्या सकाळी गाडी सांगायचीय, पटकन बोला. फाटे फोडू नका.

ओळंबा: माल किती? विकत घेताय की भाड्याने? रस्ता कसा?

विटांची_रांग: माल नेहमीसारखाच हो. घराचं काम आहे.

ओळंबा: 'नेहमीसारखा' ही खूण कुठल्या टेपवर असते?

जुना_गिअर: डोळे मिटून टिपर. आयुष्य गेलं त्यावर. हौदा उचलला की वाळू खाली. पिकअपमधली वाळू फावड्याने ओढून बघा एकदा, कंबर धरून बसाल.

रात्रपाळी: आणि सिमेंटची पोतीही हौदा उचलून ओतणार का गिअरशेठ? सळईचं काय? अख्खी सळई १२ मीटरची असते.

जुना_गिअर: मधोमध वाकवून आणतात की. सगळेच आणतात.

रात्रपाळी: सगळे आणतात म्हणून बरोबर? जाड सळई वाकवून परत सरळ केली की तो वाक कच्चा राहतो. नेमका तोच तुकडा कॉलममध्ये गेला म्हणजे?

पोकळ_भिंत: मुळात विटा कशाला? हलके ब्लॉक घ्या, गाडीचा प्रश्नच अर्धा होतो.

ओळंबा: ते विचारलंय का कुणी?

हिशेबी: आधी वजन काढा, गाडी मग. पोतं ५० किलोचं, म्हणजे २० पोत्यांचा टन. एक ब्रास वाळू, म्हणजे १०० घनफूट, साधारण साडेचार टन. ओली असेल तर आणखी जड. गाडीच्या कागदावर भरलेल्या गाडीचं कमाल वजन असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा. उरेल तेवढ्यातच माल, ड्रायव्हर आणि वर बसणारे दोन हमाल. पिकअपचा हौदा वाळूने काठोकाठ दिसतो, तोवर चाकांवरचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, दबून बसलेले असतात. मग उतारावर ब्रेक दाबायचा आणि देवाचं नाव घ्यायचं.

विटांची_रांग: भाड्यानेच. वाळू दोन ब्रास, सिमेंट ६० पोती. शेवटी एक बोळ आहे, चढाचा. लहान गाडी जाते.

ओळंबा: हे आत्ता सांगताय!

रात्रपाळी: चढावर हौदा उचलू नका. जमीन एका अंगाला कलती असेल आणि ओली वाळू वरच चिकटून राहिली, तर टिपर आडवा होतो.

जुना_गिअर: चालवणाऱ्याच्या हातात असतं ते.

रात्रपाळी: आडवा झाल्यावर हात कुठे असतात?

हिशेबी: भांडा नंतर. एकाच गाडीचा हट्ट सोडा. वाळू टिपरने बोळाच्या तोंडाशी, सपाट जागेवर उतरवा. पुढे हातगाडी किंवा घमेली. ६० पोती म्हणजे तीन टन, पिकअपच्या दोन-तीन खेपा धरा. पोती केबिनला टेकवून रचा. मागच्या चाकांच्या पलीकडे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, चढावर गाडी स्टिअरिंगला ऐकत नाही. सळई बारबेंडरच्या, म्हणजे सळई कापणाऱ्या-वाकवणाऱ्या कारागिराच्या, यादीप्रमाणे कापूनच मागवा.

विटांची_रांग: यादी अजून केली नाही. बोळात पिकअप शिरेल ना पण?

ओळंबा: रुंदी किती?

विटांची_रांग: टेप शोधतोय.

पोकळ_भिंत: ब्लॉकचं काय ठरलं मग?