मदत हवी आहे: टायफून आला की फुकुशिमा दाइइचीत नेमकं काय बिघडू शकतं?

पैलतीर:
भावाचं कुटुंब इवाकी शहरात राहतं. फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्र तिथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. टायफूनचा इशारा आला की घरच्या ग्रुपवर काहीबाही फिरायला लागतं, म्हणून जाणकारांना विचारते. २०११ च्या स्फोटांत मोडलेल्या इमारती वाऱ्यापुढे टिकतील का? वीज गेली तर वितळलेलं इंधन पुन्हा तापेल का? आणि घरबसल्या कोणता आकडा बघायचा?

गाळमोजणी:
पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं लहान आहेत. खरी काळजी ज्याची, ते तुम्ही विचारलंच नाही: पाऊस.

आधी वारा. स्फोटांत उडाला तो मुख्यतः इमारतींचा वरचा मजला. वितळलेलं इंधन खाली जाड काँक्रीटच्या आत आहे, तिथवर वारा पोचत नाही. वाऱ्याचा त्रास होतो तो सुट्या धुळीचा आणि क्रेनचा. धूळ बसून राहावी म्हणून राळेचं द्रावण फवारतात. वाऱ्याचा दहा मिनिटांचा सरासरी वेग सेकंदाला १० मीटरवर गेला की क्रेनचं काम थांबतं. वापरलेलं इंधन पाण्यात ठेवायच्या उंचावरच्या टाक्यांपैकी ४ नंबरच्या अणुभट्टीची डिसेंबर २०१४ मध्ये (१,५३५ इंधन-असेंब्ली, म्हणजे इंधनकांड्यांचे जुडगे) आणि ३ नंबरची फेब्रुवारी २०२१ मध्ये (५६६) रिकामी झाली. तेवढा भार डोक्यावरून उतरला.

आता वीज. मार्च २०१३ मध्ये एका उंदरामुळे स्विचबोर्डात शॉर्टसर्किट झालं आणि वापरलेल्या इंधनाच्या टाक्यांचं शीतकरण सुमारे २९ तासांपर्यंत बंद होतं. मर्यादा ६५ अंशांची, पाणी तिच्या आसपासही गेलं नाही. २०१९ मध्ये २ नंबरच्या अणुभट्टीत पाणी सोडणं काही तास मुद्दाम थांबवून पाहिलं, तेव्हाही तापमान किंचितच चढलं. २०११ मध्ये हातात तास होते, आता दिवस असतात. तेवढ्यात फायर इंजिन लावूनही पाणी देता येतं.

तळघर:
पावसाचं मी सांगतो. इमारतींच्या तळघरांत अत्यंत दूषित पाणी आहे आणि भिंतींना भेगा आहेत. तरी ते बाहेर येत नाही, कारण आतली पातळी बाहेरच्या भूजलापेक्षा मुद्दाम खाली ठेवलेली असते. पाणी उंचावरून खाली जातं, म्हणजे गळती झालीच तर बाहेरून आत. सगळी सुरक्षा या पातळीच्या फरकावर उभी आहे.

हे बिघडतं दोन प्रकारे. छपराच्या भोकातून पाऊस थेट तळघरात आला तर आतली पातळी बाहेरच्यापेक्षा लवकर चढते. किंवा इमारतींभोवतीच्या विहिरींतून भूजल हावरेपणाने उपसलं तर बाहेरची पातळी आतल्याच्या खाली जाते. दोन्ही वेळा उतार उलटतो आणि आतलं पाणी बाहेर निघतं. विहिरीचा पंप बंद पडला तर? आत येणारं पाणी वाढतं, साठवणुकीची डोकेदुखी होते, पण गळती बाहेर जात नाही. म्हणून शंका आली तर विहिरींचा पंप थांबवायचा, ही सुरक्षित बाजू.

सुरुवातीच्या वर्षांत रोज सुमारे ४०० टन भूजल आत झिरपायचं. जमिनीवर फरसबंदी, छपरांची डागडुजी, विहिरी आणि ३० मीटर खोल, दीड किलोमीटर लांब गोठवलेल्या मातीची भिंत यांनी ते शंभराच्या आसपास आणि पुढे त्याहूनही खाली आलं. मला विचाराल तर फरसबंदी आणि छपरांना जेवढं श्रेय मिळायला हवं तेवढं मिळत नाही, सगळी चर्चा बर्फाच्या भिंतीचीच होते.

ओहोळ:
उपसलेलं दूषित पाणी आवारातल्या मोठ्या टाक्यांत साठवतात, त्या टाक्यांभोवतीचे कठडे राहिले. सुरुवातीला ते जेमतेम ३० सेंटिमीटर उंच होते. त्यात ३०० मिलिमीटर पाऊस मावेल असं वाटतं, पण मावत नाही. टाक्यांच्या माथ्यावरचं पाणीही कठड्यातच उतरतं आणि साठायला जागा फक्त टाक्यांमधली. समजा दोन-तृतीयांश जागा टाक्यांनी व्यापली, तर १०० मिलिमीटर पावसातच कठडा काठोकाठ. ऑक्टोबर २०१३ मध्ये पाणी असंच कठड्यांवरून वाहिलं. नंतर कठडे उंचावले आणि टाक्यांच्या माथ्यांना पन्हाळी बसवल्या, म्हणजे स्वच्छ पाऊस परस्पर बाहेर जातो.

निचऱ्याच्या व्हॉल्व्हचाही धडा आहे. पाऊस साचू नये म्हणून ते उघडे ठेवले होते. ऑगस्ट २०१३ मध्ये नटबोल्टने जोडलेल्या एका टाकीतून ३०० टन पाणी गळलं, ते त्याच उघड्या व्हॉल्व्हमधून कठड्याबाहेर गेलं. व्हॉल्व्ह बंदच असावा, साचलेलं पाणी तपासावं, मगच सोडावं.

तिसरी वाट गटारांची. फेब्रुवारी २०१५ मध्ये २ नंबरच्या अणुभट्टीच्या इमारतीच्या छपरावर साचलेलं दूषित पाणी पावसात 'के' गटारातून बाहेरच्या समुद्रात जात असल्याचं उघड झालं. पंपाने ते दुसरीकडे वळवलं, पण जोराच्या पावसात पंपाला उरक होईना. शेवटी गटाराचं तोंडच बंदराच्या आत वळवलं.

पैलतीर:
उतार उलटण्याचं कळलं, खूप आभार. मग भावाने बघायचं काय?

गाळमोजणी:
केंद्राच्या हद्दीवर किरणोत्सार मोजणारे खांब आहेत, त्यांचे आकडे टेप्कोच्या (केंद्र चालवणाऱ्या कंपनीच्या) संकेतस्थळावर दिसतात. पाऊस सुरू होताच आकडा वर जातो, घाबरू नका. हवेतल्या रेडॉनपासून झालेलं शिसं-२१४ आणि बिस्मथ-२१४ पावसाबरोबर जमिनीवर येतं. त्यांचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा वेळ) २७ आणि २० मिनिटांचं, त्यामुळे पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांत आकडा पूर्वीच्या जागी येतो. अणुभट्टीतून येणाऱ्या सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षांचं, ते असं उतरत नाही. म्हणून शिखर बघू नका, पाऊस थांबल्यानंतरचा चौथा-पाचवा तास बघा. तेव्हाही आकडा वरच असेल आणि शेजारच्या खांबांवरही तसंच दिसत असेल, तर प्रशासनाच्या सूचना लगेच पाहा.

तळघर:
यात एक भर. ऑक्टोबर २०१९ च्या हागिबिस टायफूनमध्ये इवाकीत नात्सुई नदीचा बांध फुटला, हिराकुबोचं जलशुद्धीकरण केंद्र बुडालं आणि सुमारे ४५,००० घरांचे नळ कोरडे पडले. भावाच्या घराला अणुभट्टीपेक्षा हा धोका जवळचा आहे. घर पूररेषेत येतं का, हे शहराच्या आपत्ती नकाशावर आजच बघायला सांगा.

पैलतीर:
सांगते. घरात चौघं आहेत, पाणी किती भरायचं?

तळघर:
माणशी रोज ३ लिटर, निदान तीन दिवसांचं. चौघांना ३६ लिटर पिण्याचं. आंघोळीचा टब इशारा येताच भरून ठेवायचा, ते पाणी संडासाला.