मदत हवी आहे: मदतनीस श्वानासाठी वर्गणी कशी जमवावी?

माझ्या धाकट्या बहिणीला टाइप १ मधुमेह असून झोपेत साखर उतरल्याचे तिला हल्ली कळतच नाही. घामाने उशी भिजते, तरी जाग येत नाही. साखर मोजणाऱ्या सेन्सरचा गजर ती झोपेतच बंद करते, त्यामुळे साखर उतरताना अंगाच्या वासात होणारा बदल ओळखून उठवायला शिकवलेला श्वान घ्यावा, असे आम्ही ठरवले आहे. प्रशिक्षणाचा खर्च आम्हा परळच्या चाळकऱ्यांना झेपणारा नाही. वर्गणी काढावी, तर नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळालेली रक्कम ५०,००० रुपयांवर गेल्यास सगळीच करपात्र ठरते, आणि व्यक्तीला दिलेल्या देणगीवर देणाऱ्याला आयकरातली ८०जीची सवलतही मिळत नाही. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या एखाद्या न्यासामार्फत थेट प्रशिक्षकाला पैसे देण्याची व्यवस्था मुंबईत कोणी केली आहे का? त्यासाठी न्यास कोणती कागदपत्रे मागतात?