१०० मीटर अंतर पाळलं की बोट 'जबाबदार' झाली?

खारा वारा: स्थलांतर करणारे देवमासे दाखवायला नेणाऱ्या सहली 'आम्ही जबाबदार' म्हणतात आणि पुरावा एकच देतात, १०० मीटरच्या आत जात नाही. माझ्या मते हे निम्मंच काम आहे, खरा त्रास इंजिनाच्या आवाजाचा. ऑस्ट्रेलियातल्या एक्समाउथच्या आखातात हंपबॅक जातीच्या देवमाशांच्या माद्या पिल्लांसह विसावतात. तिथे संशोधकांनी १०० मीटरवरूनच पाण्याखाली बोटीचा आवाज वाजवून पाहिला (प्रयोग २०२० साली प्रसिद्ध झाला). आवाज सर्वांत मोठा असताना आयांची विश्रांती सुमारे ३० टक्क्यांनी घटली, श्वासाची गती दुप्पट झाली. आधीच या आया तेव्हा जवळपास उपाशी असतात, साठलेल्या चरबीवर स्वतः जगतात आणि पिल्लालाही पाजतात. तिकीट काढताना 'किती जवळ नेता' हा प्रश्नच चुकीचा आहे.

दुर्बीणवाला: मग बोटी बंद करा असं सरळ म्हणा ना! दक्षिण आफ्रिकेत हर्मानसला कड्यावर उभं राहून सदर्न राइट देवमासे दिसतात. ना इंजिन, ना घरघर.

सुकाणू: अहो, सगळेच देवमासे काय किनाऱ्याला लागून जातात? आणि लोकांनी पाहिलेच नाहीत तर त्यांच्यासाठी भांडणार कोण? मेक्सिकोतल्या सान इग्नासिओच्या खाडीत ग्रे देवमासे आर्क्टिककडून ८-१० हजार किलोमीटर पोहून येतात, पिल्लांना तिथेच जन्म देतात. त्या काठावर मित्सुबिशीच्या भागीदारीत मिठाचा अवाढव्य प्रकल्प येणार होता. जगभर ओरड झाली आणि २००० साली सरकारने तो गुंडाळला. ज्यांचं कुणालाच कौतुक नाही, त्यांच्यासाठी एवढी ओरड झाली असती?

दुर्बीणवाला: त्या खाडीत देवमासे आपण होऊन होडीपाशी येतात. बाकी ठिकाणी बोटच त्यांच्या मागे लागते. मी होतो त्या बोटीवर मादी दोनदा श्वास घेऊन खाली गेली, तर कप्तानाने तिच्या वाटेवर पुढे जाऊन बोट आडवी लावली, 'समोरून फोटो चांगला येतो' म्हणून. तेवढ्यात दुसरी बोटही आली. ती मादी पुन्हा वर आली ती पार लांब, उलट्या दिशेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशाला ते देव जाणे.

खारा वारा: ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक तत्त्वांत नेमकं हेच करू नका म्हटलंय. ३०० मीटरच्या आत वेग कमी, एका वेळी तीनच बोटी, पुढून किंवा थेट मागून जायचं नाही, पिल्लू असेल तर त्या ३०० मीटरच्या आत शिरायचंच नाही. बंदी नको, पण अंतर-वेगाच्या जोडीला आवाजाचीही मर्यादा हवी. मोठं, गोंगाटी इंजिन असेल तर परवानाच नाही.

सुकाणू: मी अशाच बोटीवर काम करतो म्हणून सांगतो, इंजिन बदलणं म्हणजे मालकाचं कंबरडं मोडतं. शिवाय पिल्लू दिसलं की आम्ही लांबूनच वळतो, तर प्रवासी तोंड वाकडं करतात. 'मग आलो कशाला?'

दुर्बीणवाला: ते बोट सुटायच्या आधी सांगता की वळल्यावर?

सुकाणू: वळल्यावर. आधी सांगितलं तर निम्मे शेजारच्या बोटीत जातात.