मदत हवी आहे: लाकडी पॅनेलवर गंडभेरुंड (दोन डोक्यांचा काल्पनिक पक्षी) आहे की शरभ (पुराणातला सिंहासारखा काल्पनिक प्राणी)?

आजोळच्या सामानात एक कोरीव सागवानी पॅनेल मिळालंय, दीडेक फूट उंच, तेलाने काळं पडलेलं, मागे खुंटीची भोकं. पक्षी एकच पण डोकी दोन, विरुद्ध दिशेला बघणारी, नि चोचीत-पंजात छोटे हत्ती. मला सरळ गंडभेरुंड वाटतो, म्हैसूरच्या राजचिन्हावरचा, पण जुन्या वस्तूवाले एक काका शरभच म्हणून अडून बसलेत (शरभाला सिंहाचं धड असतं ना, आणि डोकं एकच?). किल्ल्यांच्या दरवाजांवरची शिल्पं फोटोत ताडून बघितली पण ती सगळी दगडातली. विकायचं नाहीये, पॉलिशही नाही करणार. गंडभेरुंडाला नरसिंहाचं रूप मानतात, मग हे विष्णूच्या देवळातल्या रथावरचं असेल की नुसतं सत्तेचं चिन्ह म्हणून वाड्याच्या दारावरचं, आणि ते कशावरून ओळखायचं?